खाचराचे चार साक्षीदार

शब्दकोशाच्या कार्यालयात माणसं दोन प्रकारची होती. ज्यांची अक्षरं छापून आली होती ती, आणि चिठ्ठीमामा.

ही अक्षरांची भानगड आधी सांगायला हवी. एखाद्या शब्दाचं मूळ कुणी शोधून काढलं आणि मुख्य संपादकांनी ते मान्य केलं, की त्या नोंदीच्या शेवटी कंसात शोधणाऱ्याच्या नावाची दोन अक्षरं छापायची, अशी तिथली रीत होती. पगारवाढ नाही, बढती नाही, नुसती मुगाच्या दाण्याएवढी दोन अक्षरं. पण त्या दोन दाण्यांपायी चांगली शहाणीसुरती माणसं महिनामहिना एकमेकांशी अबोला धरायची. मुख्य संपादकांची अक्षरं अकरा नोंदींवर होती. तीन वर्षांपूर्वी लागलेल्या नव्या बाईंची दोन नोंदींवर. एवढंच काय, तळमजल्यावर पुस्तकं बांधणाऱ्या कारागिरानं एकदा जिना चढून येऊन आपल्या एका हत्याराच्या नावाचं मूळ सांगितलं, तर त्याचीसुद्धा अक्षरं छापून आली. तेव्हापासून तो मामांना भेटला की आधी घसा खाकरायचा.

मामांची एकाही नोंदीवर नव्हती, आणि नोकरीला एकतीस वर्षं झाली होती. त्यांना अक्कल कमी होती म्हणावं तर तसं नव्हतं. होती ती जरा जास्तच. एखाद्या शब्दाचं मूळ हाती लागलं की त्याच्याविरुद्धचे पाच मुद्दे ते स्वतःच काढायचे, पाच चिठ्ठ्यांवर लिहायचे, चिठ्ठ्या खिशात कोंबायचे आणि नोंदीखाली 'व्युत्पत्ती अनिश्चित' असं लिहून मोकळे व्हायचे. शर्टाच्या खिशात चिठ्ठ्या, पँटच्या खिशात चिठ्ठ्या, चष्म्याच्या घरातही चिठ्ठ्या. बायको कपडे भिजवण्याआधी खिसे झाडायची, तरी एकदा 'क'च्या दोन नोंदी साबणाच्या पाण्यात गेल्याच. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. मामा पाणीही फुंकून प्यायचे, आणि त्यांचं तोंड कधी पोळलंच नव्हतं.

आता मात्र महिनाअखेर ते निवृत्त होणार होते, 'ख'चा खंड शनिवारी छापायला जाणार होता, आणि मामांच्या हाती एक शब्द लागला होता. खाचर.

शब्द भाताच्या शेताचा. मूळ असं, की बांधाला पाणी सोडण्यासाठी जी खाच पाडतात तिच्यावरून खाचर. मामांनी नेहमीप्रमाणे विरुद्ध मुद्दे काढायला घेतले होते, पण इथे एक नाही, दोन नाही, चार छापील आधार मिळाले. एक शेतकी शाळेचं पाठ्यपुस्तक, एक भूगोलाचा परिभाषासंग्रह, एका प्राध्यापकांचं छापलेलं व्याख्यान आणि एक जाडजूड प्रबंध. कार्यालयाचा नियम दोन आधारांचा. मामांकडे दुप्पट. चारही जण एकमुखानं तेच सांगत होते आणि तेही इतक्या ठामपणे, की मामांची चिठ्ठी कोरीच राहिली.

मुख्य संपादकांना सगळे पाठीमागे 'भिंग' म्हणत, कारण ते जेवणाचा डबासुद्धा भिंगातून बघूनच उघडत. त्यांनी चारही आधार भिंगाखाली घातले, मान हलवली आणि सही केली. मंगळवारी कच्चा छापा आला. नोंद, तिच्याखाली मूळ, आणि शेवटी कंसात मामांची दोन अक्षरं. मामा ती बघायला दुपारभरात सात वेळा उठले. नव्या बाईंनी मोजलं होतं.

संध्याकाळी त्यांनी ताईला फोन केला.

ताई म्हणजे त्यांची सात वर्षांनी मोठी बहीण. तिसरीत होती तेव्हा धाकट्याला सांभाळायला घरात कुणीतरी हवं म्हणून तिची शाळा सुटली. तिनं त्याला कडेवर घेऊन बांधांवरून हिंडवलं, बोलायला शिकवलं, आणि तो शाळेत जायच्या वयाचा झाला तेव्हा चिखलात काडीनं त्याच्या नावाची पहिली दोन अक्षरं गिरवायला लावली. पुढं तिला ज्या घरात दिलं तिथंही भातशेतीच. मेहुणे गेल्यावर शेत भाचा बघू लागला, पण खाचरात काय चाललंय याचा हिशोब रोज ताईच घ्यायची. धाकटा शिकला ते आपणच शिकलो असं ती धरून चालायची, आणि ते खोटं नव्हतं. कोशाचा प्रत्येक खंड तिच्या घरी जायचा. ती तो मांडीवर घ्यायची आणि विचारायची, "यात आहेत का तुझी अक्षरं?" गेली एकतीस वर्षं मामा "पुढच्या वेळी" म्हणत आले होते.

या वेळी "आहेत" म्हणाले.  लगेच पलीकडून ताई कुणाला तरी, बहुधा शेजारणीला, मोठ्यानं सांगत असल्याचं ऐकू आलं. बुधवारी सकाळपर्यंत तिच्या आळीत ही बातमी ज्याला कळली नव्हती असं फक्त मांजर राहिलं असेल.

पण बुधवारीच भिंगांनी मामांना बोलावून घेतलं. मूळ ठीक आहे, म्हणाले, अर्थाचं काय? नोंदीत मामांनी लिहिलं होतं, 'भाताचे शेत'. हा अर्थ फार पातळ आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं. भाताचं शेत तर भाताचं शेतही आहे, मग खाचर हा वेगळा शब्द लोकांनी ठेवला कशाला? उद्या एक दिवस घ्या आणि जिथं खाचर आहे तिथं जाऊन बघून या.

मामांना मनातून ओशाळल्यासारखं झालं. लहानपणी ज्यात पडले, उठले, नाकातोंडात चिखल घालून घेतला, त्याचा अर्थ त्यांनी तीन जुन्या कोशांतून उतरवला होता.

गुरुवारी पहिली बस धरून ते ताईकडे गेले. ताईनं चहा दिला, अक्षरं नक्की कुठं छापतात, वर की खाली, हे विचारून घेतलं आणि मग येण्याचं कारण ऐकलं. ऐकून ती हसायलाच लागली. एवढ्या शिकलेल्या माणसाला खाचर म्हणजे काय ते विचारायला दीड तास बसमध्ये बसून यावं लागतं, याची तिला मोठी मौज वाटली. तिनं काठी घेतली, गुडघ्याला एक शिवी हासडली आणि म्हणाली, "बूट काढ. पँट वर कर. बांधावर उभं राहून कळायचं नाही."

भाचा एक तुकडा लावणीसाठी तयार करत होता. चिखल झाला होता, चारी बाजूंनी बांध घालून झाले होते, पाणी सोडलं होतं. ताई बांधावर बसली आणि धाकट्याला तिनं आत उतरवलं. एकसष्ट वर्षांचे मामा हात पसरून, तोल सावरत, चिखलात चालू लागले. इथं पाणी किती, तिथं किती, असं ती विचारत होती आणि मामा आज्ञाधारकपणे सांगत होते. इथं घोट्यापर्यंत. इथंही घोट्यापर्यंत. कोपऱ्यात गेले तर पाय कोरडाच. पाण्याबाहेर चिखलाचा एक गोल उंचवटा डोकं काढून होता.

"टक्कल राहिलंय," ताई भाच्याला म्हणाली. "तुझ्या मामासारखं."

भाच्यानं मुकाट्यानं फळी आणली आणि तो उंचवटा खालच्या अंगाला ओढत नेला. मग सगळे थांबून राहिले. पाणी हळूहळू त्या जागेवर सरकलं आणि उभं राहिलं. ताईनं ते वाकून, मान तिरकी करून बघितलं. मग ती सहज म्हणाली, "पाणी सोडलं नि ते सगळीकडे घोट्याएवढंच उभं राहिलं, की म्हणावं खाचर झालं. तोवर ती नुसती जमीन."

मामांचा हात खिशाकडे गेला. चिठ्ठी चिखलानं माखली, पण त्यांनी वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं. तीन कोशांनी जे सांगितलं नव्हतं ते एका वाक्यात आलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच, असं त्यांना वाटलं. पण कळसा एक नव्हता, हे त्यांना अजून कळायचं होतं.

पाय धुता धुता त्यांनी मोठ्या अभिमानानं ताईला शब्दाचं मूळही सांगितलं. बांधाची खाच, तिच्यावरून खाचर. ताईनं ते ऐकलं आणि बांधाकडं बघितलं.

"खाच बांधाला असते," ती म्हणाली. "ती बुजवली तरी खाचर राहतंच की. पाणी कमीजास्त झालं तर नाही राहत."

मामा म्हणाले की चार विद्वानांनी तसं छापलंय.

"मग असेल. त्या चौघांना कुणी सांगितलं?"

प्रश्न तिनं काही टोचून विचारला नव्हता. आळीतली एखादी बातमी आली की ती कुणाकडून आली हे विचारायची तिची सवयच होती. पण मामा बसमध्ये बसले ते तो प्रश्न घेऊन. चौघांनी काय सांगितलं ते त्यांनी चारचारदा वाचलं होतं. चौघांना कुणी सांगितलं हे बघायचं मात्र राहून गेलं होतं. दुसऱ्या कुणाच्या नोंदीत हे बघितल्याशिवाय त्यांनी सही होऊ दिली नसती. स्वतःच्या अक्षरांपुढं एकतीस वर्षांची सवय पहिल्यांदाच डुलकी काढून बसली होती.

शुक्रवारी कार्यालय उघडताच त्यांनी चारही पुस्तकं टेबलावर मांडली. प्रबंधाच्या तळटिपेत व्याख्यानाचा हवाला होता. व्याख्यानाच्या शेवटी परिभाषासंग्रहाचा. संग्रहानं पाठ्यपुस्तकाकडे बोट दाखवलं होतं. म्हणजे चार साक्षीदार नव्हतेच. एकाचीच साक्ष चौघांनी पाठ केली होती. आणि पाठ्यपुस्तकात, अगदी बारीक टायपात, एका शेतकी मासिकाचा चोवीस वर्षांपूर्वीचा अंक दिलेला होता. मामांना जरा धीर आला. एक तर एक, पण जुना आहे, आणि शेतीतल्या माणसांचा आहे.

पलीकडच्या रस्त्यावरच्या वाचनालयात त्या मासिकाचे बांधलेले अंक होते. ग्रंथपालांनी धूळ झटकून गठ्ठा समोर ठेवला. पान सव्वीस, खालचा कोपरा, चार बोटं रुंद चौकट, लेखकाचं नाव नाही. मामांनी चष्मा पुसला आणि वाचायला सुरुवात केली. पहिलं वाक्य वाचून त्यांना बरं वाटलं. लिहिणारा नेटका दिसत होता. दुसरं वाचून वाटलं, आपणही असंच लिहिलं असतं. तिसऱ्या वाक्याला त्यांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

चौकट त्यांनीच लिहिली होती.

मासिकाचा संपादक त्यांचा मित्र होता. पान सव्वीसवर चार बोटं जागा उरली, छपाई थांबली होती, आणि मित्रानं चहा पाजून मामांना काहीतरी खरडून द्यायला सांगितलं होतं. अशा दहा-बारा चौकटी त्यांनी त्या वर्षात लिहिल्या असतील आणि सगळ्या विसरूनही गेले असतील. शेवटचं वाक्य तर त्यांच्याशिवाय जगात कुणी लिहिलंच नसतं: 'हा निव्वळ तर्क असून त्यास आधार नाही, कोणी मनावर घेऊ नये.'

पाठ्यपुस्तकवाल्यानं नेमकं तेवढंच वाक्य गाळलं होतं. मग सगळ्यांनीच मनावर घेतलं, आणि सर्वांत जास्त घेतलं ते लिहिणाऱ्यानंच.

मामा हसले. इतके हसले की ग्रंथपालांनी बोट ओठांवर ठेवलं. मग हसू एकदम ओसरलं आणि ते नुसतेच त्या चौकटीकडे बघत बसले. त्यांना ताईची आठवण आली. तिनं आळीभर सांगून ठेवलं होतं. गठ्ठ्यावर पुन्हा धूळ बसायला पंधरा दिवस लागले असते, आणि तो पुन्हा उघडायला कोण येणार होतं? भिंगांची सही झाली होती. उद्या दुपारी पानं छापायला जाणार होती. फक्त गप्प बसायचं होतं, आणि मामांना गप्प बसायची सवय चांगलीच होती. त्यांना ती अक्षरं हवी होती. लहान पोराला फुगा हवा असतो तशी हवी होती, आणि एकसष्टाव्या वर्षी तसं काही हवं असणं फार जड जातं.

अर्धा तास ते तसेच बसून राहिले. मग पानाची प्रत काढून घेतली आणि कार्यालयाचा जिना चढले.

भिंगांनी प्रत भिंगाखाली धरली, शेवटचं वाक्य वाचलं आणि वर बघितलं. मामांनी मान डोलावली. त्यावर भिंग असे हसत सुटले की नव्या बाई पाण्याचा पेला घेऊन धावत आल्या. एखाद्या माणसानं स्वतःलाच चौघांकरवी साक्ष द्यावी असं या कार्यालयाच्या इतिहासात झालं नव्हतं, असं ते डोळे पुसत म्हणाले. मग त्यांनी लाल पेन्सिल पुढं केली. मामांनी आपली दोन अक्षरं आपल्या हातानं खोडली, मूळही खोडलं, आणि समासात ते दोन शब्द लिहिले जे त्यांनी आयुष्यात सर्वांत जास्त वेळा लिहिले होते. व्युत्पत्ती अनिश्चित.

पेन्सिल मात्र त्यांनी परत दिली नाही. 'भाताचे शेत' हेही खोडलं आणि लिहिलं, 'बांध घालून, चिखल करून, पाणी सर्वत्र सारखे उभे राहील अशी पातळी साधून भातासाठी तयार केलेला जमिनीचा तुकडा'. त्याच्याखाली वापराचं उदाहरण म्हणून चिखलानं माखलेल्या चिठ्ठीवरचं वाक्य उतरवलं. भिंगांनी अर्थावर खूण केली आणि उदाहरणावर थांबले. वाक्य बावनकशी आहे, पण ते छापलंय कुठं? कोशात उदाहरण येतं ते छापील पुस्तकातलं. तोंडी बोलणं घ्यायचा रिवाज नाही.

एकतीस वर्षांत मामांचा आवाज त्या खोलीत कधी चढला नव्हता. आता चढला.

"सर, छापील चार आधार आपण दोघांनी मिळून तपासले. त्यांतल्या एकाचाही पाय चिखलात पडलेला नव्हता. हिचा साठ वर्षं पडलाय."

नव्या बाई पेला हातात धरून तिथंच उभ्या राहिल्या. भिंगांनी भिंग खाली ठेवलं. खिडकीतून खालच्या कारागिराचा ठोकण्याचा आवाज येत होता.

"आधार म्हणून कुणाचं नाव घालायचं?" त्यांनी विचारलं.

मामांनी सांगितलं. भिंगांनी ते स्वतःच्या हातानं लिहिलं, पूर्ण नाव, आणि जागा पुरेना म्हणून वरच्या नोंदीतली एक ओळ उडवली. ती ओळ त्यांची स्वतःची होती.

मामांनी दोन दिवस ताईला फोन केला नाही. सोमवारी छापलेलं पान घेऊन ते बसमध्ये चढले. दीड तासात त्यांनी सांगायची सुरुवात नऊ प्रकारे करून बघितली आणि नऊही प्रकारांविरुद्ध मुद्दे काढले. ताईच्या ओट्यावर शेजारणी जमल्या होत्या. तिनं चष्मा लावला, पान मांडीवर घेतलं आणि विचारलं, "कुठं आहेत?"

"नाहीत," मामा म्हणाले. आणि नऊ प्रकारांतला एकही न वापरता सरळ सांगून टाकलं. चौकट, मित्र, चहा, चार साक्षीदार, सगळं. शेजारणींना तळटिपा कळल्या नाहीत, पण एका माणसाची अफवा चौघांकडून फिरून त्याच्याकडेच आली हे त्यांना लगेच कळलं. अशा गोष्टी त्या आळीत नव्या नव्हत्या, आणि त्या मनापासून हसल्या. ताई हसली नाही. तिनं मामांच्या तोंडाकडे बघितलं, मग पानाकडे, आणि ओळीखाली बोट ठेवून वाचू लागली. तिसरीतली मुलगी वाचते तशी, एकेक अक्षर सोडवत. पाणी सोडलं नि ते सगळीकडे. बोट पुढं सरकलं. घोट्याएवढंच. तिथं ती अडखळली. आपलंच बोलणं आपल्याला कुणी वाचायला दिल्यावर माणूस अडखळणारच. मग बोट कंसावर आलं आणि तिथून हललंच नाही.

"हे मी आहे?" तिनं विचारलं.

"तूच."

 तिनं पदराचं टोक डोळ्यांना लावलं आणि चष्म्यावर धूळ आहे म्हणाली. शेजारणींनी पान हातोहात फिरवलं, प्रत्येकीनं ते नाव वाचलं, आणि ते परत तिच्या मांडीवर आलं. आता ताई नोंदीच्या अगदी शेवटचे दोन शब्द बघत होती.

"हे काय लिहिलंय?"

"मूळ नक्की माहीत नाही, असं."

"हे आधी कुणाला ठाऊक होतं?"

मामांनी विचार केला. "कुणालाच नाही. सगळ्यांना वाटत होतं, माहीत आहे."

"मग ते तू शोधून काढलंस," ताई म्हणाली. "तुझी अक्षरं नकोत का इथं?"

एकतीस वर्षं प्रत्येक गोष्टीविरुद्ध पाच मुद्दे काढणाऱ्या माणसाला या वेळी एकही सुचला नाही. ताईनं त्याच्या शर्टाच्या खिशात हात घातला, चार चिठ्ठ्या ओट्यावर सांडल्या, पाचवीबरोबर पेन्सिल आली. तिनं पान सरळ केलं आणि 'अनिश्चित' या शब्दापुढं, जीभ किंचित बाहेर काढून, सावकाश दोन अक्षरं लिहिली. पहिलं बरोबर आलं. दुसऱ्याचं पोट उलट्या बाजूला गेलं, पूर्वी चिखलात गिरवून दाखवताना तिच्या हातून जायचं तसंच.

मामांनी ते बघितलं. पेन्सिल तिच्या हातातून घेतली, खिशात ठेवली, आणि अक्षर होतं तसंच राहू दिलं.